गायमाळाचं पाणी

१

रविवारी सकाळी गायमाळाच्या आडात रविकांत धर्माधिकारी मेलेला सापडला. त्याच दिवशी, त्याच आडाशेजारी उभं राहून तीन कुटुंबं जमिनीचा विसार देणार होती.

सुमंत निसळ सगळ्यांच्या आधी पोचले. ते पेन्शनर फौजदार. लवकर उठायची सवय नोकरीनं लावलेली, म्हणून चालतच निघाले होते. सावेडी मागे टाकून ते मनमाडच्या रस्त्यावरून माळाकडे वळले, तर रखवालदार आसाराम समोरून धावत येताना दिसला. धोतर ओलं, डोक्याचं मुंडासं सुटलेलं.

"साहेब, मास्तर आडात हाय," एवढंच तो बोलला आणि परत वळला.

आड नवा होता. काळ्या खडकात खोदलेला, अरुंद आणि खोल. काठावर आसारामची बायको लंकाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. उजाडताना आडात डोकावली तेव्हा तिला खाली पांढरं काही दिसलं होतं. आसाराम एकदा उतरून आला होता, पण एकट्याच्यानं माणूस वर निघेना. आता गाडीवाले जमा झाले होते. त्यांनी त्याच्या कमरेला पुन्हा दोर बांधला आणि त्याला खाली सोडलं. तो तळाला टेकला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. रविकांत भिंतीला पाठ लावून बसल्यासारखा होता. मान छातीवर पडलेली.

त्याच्या वहाणा काठापासून थोड्या अंतरावर, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवल्या होत्या.

शहरातून आलेल्या जमादारानं पहिल्यांदा त्या वहाणांकडेच बोट दाखवलं. "पाय घसरलेला माणूस वहाणा काढून ठेवत नाही. जीव दिलाय मास्तरनं." त्यानं तसंच लिहून घेतलं आणि मढं सरकारी दवाखान्यात पाठवलं.

रविकांत सुमंतरावांच्या खालच्या खोलीत बायको सुचित्रासह राहायचा. हायस्कुलात गणित शिकवायचा. तोफखान्याच्या त्या चाळीत दोन्ही घरांना एकच जिना, एकच नळ. लढाई संपून वर्ष होत आलं होतं, पण लष्कराच्या येण्यानं नगरात चढलेली भाडी काही उतरली नव्हती. मालकानं दोघांनाही खोल्या सोडायला सांगितलं होतं. तेव्हापासून ते दोघं आणि रविकांतचा मित्र शामकांत देवचक्के दर रविवारी शहराच्या चारी अंगांना पायपीट करत होते. भिंगारला कँपाचे भाव. केडगावला स्टेशन जवळ, म्हणून रेल्वेच्या लोकांनी आधीच जागा धरलेल्या. बुरूडगावच्या बागाईतवाल्यांना जमीन विकायचीच नव्हती. सीनेच्या पलीकडे स्वस्त होतं, पण शहराची सगळी घाण तिथं वाहत यायची.

राहिला गायमाळ. मोकळा, उंच, वारा भरपूर. जमीन काकासाहेब बागाईतदाराची. तीन जणांनी मिळून एक तुकडा घेतला तरच तो देणार होता, एकट्यादुकट्याला नाही. तिघांनाही परवडेल अशी नगरात तेवढीच एक जागा उरली होती. प्रश्न पाण्याचा होता. तोही गेल्या रविवारी सुटला. काकासाहेबानं आडात डोकावायला सांगितलं तर खाली पुरुषभर पाणी लखलखत होतं. शामकांतनं तर तिथंच हात जोडले होते.

आणि आता त्याच आडातून रविकांतला वर काढलं होतं. जीव द्यायला घराची जागा कोण निवडेल, हे सुमंतरावांना कळेना.

२

शामकांत माळीवाड्यात राहायचा. एका कचेरीत कारकून. विसाराला येतो म्हणाला होता, पण आला नव्हता. सुमंतराव माळावरून थेट त्याच्याकडे गेले. बातमी त्याला अजून कोणी दिली नव्हती. तो दारातच बसला होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. आत धोतराचा पडदा लावून त्याची बायको विजया निजली होती. तिला क्षय झाला होता. त्या खोलीला एक दार होतं आणि खिडकी नव्हती.

"काल संध्याकाळी हिला रक्त पडलं," शामकांत म्हणाला. "तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही. आज माझं येणं होत नाही, काका."

"शाम, रवी गेला. गायमाळाच्या आडात सापडला."

शामकांतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"लहानपणी गोदावरी पार करायचा तो," तो हातांआडून म्हणाला. "पुणतांब्याच्या घाटावर त्याच्याइतका पोहणारा कोणी नव्हता. पण गुडघाभर पाण्यात पोहणं येऊन तरी काय उपयोग."

सुमंतरावांनी मान हलवली. सकाळचं दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं.

पडद्यामागून विजयाचा बारीक आवाज आला. "काका, सुचित्राकडे कोण आहे? हे माझ्यामुळे अडकलेत. काल माझं औषध आणायला गेले, तर यायला दिवेलागण होऊन गेली, आणि तेव्हापासून यांनी पाण्याचा घोट घेतलेला नाही."

"तू बोलू नकोस," शामकांत तिला म्हणाला.

सुमंतराव उठले. सुचित्राला सांगायचं काम अजून बाकी होतं.

३

पण तिला ते आधीच कळलं होतं, आणि जमादाराचं म्हणणंही कळलं होतं. ती चुलीपाशी बसली होती. चूल पेटवलेली नव्हती. चाळीतल्या बायका दाराशी दाटल्या होत्या. सुमंतरावांनी त्यांना जायला सांगितलं.

"काका, त्यांनी जीव दिला का?"

"तुला काय वाटतं?"

"काल आमचं भांडण झालं." ती सावकाश बोलत होती. "ते दुपारी म्हणाले, गायमाळ घ्यायचा नाही. मी विचारलं, का? म्हणाले, तिथं पाणी नाही. मी म्हटलं, डोळ्यांनी बघून आलात ना? पुरुषभर आहे म्हणालात ना? मला वाटलं, हेही आता मागच्या जागांसारखंच होणार. प्रत्येक जागेत यांना काहीतरी खोट दिसायची. मी नको ते बोलले. तुम्हाला घर नकोच आहे म्हटलं. या खोलीत एक लेकरू घालवलं, आता मलाही इथंच घालवा म्हटलं."

तिचं मूल मागच्या साथीत गेलं होतं. त्याच चाळीत, त्याच नळाच्या पाण्यानं.

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. टोपी घातली. म्हणाले, त्याला प्रत्यक्ष दाखवतो, म्हणजे त्याला पटेल. आणि गेले."

"त्याला म्हणजे कोणाला?"

"मला वाटलं, तुम्हालाच. मी विचारलंसुद्धा नाही."

तो सुमंतरावांकडे आला नव्हता. ते काल संध्याकाळभर वर खोलीतच होते. आणि त्यांना काही पटवायची गरजही नव्हती. रविकांत नाही म्हणाला असता तर त्यांनी मुकाट्यानं मान डोलावली असती.

सुचित्रानं दवाखान्यातून आलेलं कपड्यांचं गाठोडं पुढं सरकवलं. "खिशात हे होतं. कशाला ते मला माहीत नाही."

सुताच्या दोरीचं भेंडोळं होतं. एका टोकाला गोटा बांधलेला. मधे बरीच लांबी मोकळी, आणि मग गोट्याच्या बाजूला एकाखाली एक गाठी मारलेल्या. सुमंतरावांनी ती जमिनीवर सरळ पसरली आणि बघत बसले.

"तो या आठवड्यात रोज संध्याकाळी कुठं जात होता?"

"फिरायला म्हणायचे. पायाला माळाची तांबडी माती असायची."

त्यांनी दोरी गुंडाळून खिशात घातली.

"सुचित्रा, जीव द्यायला निघालेला माणूस दोरीला गाठी मारत बसत नाही. रवीनं जीव दिलेला नाही. तुझ्या बोलण्यानं तर नाहीच."

ती पहिल्यांदा रडली. सुमंतराव जिना उतरले आणि दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं जे पाहिलं ते हलक्या आवाजात सांगितलं.

रविकांत बुडाला नव्हता. वरून पडून त्याची कंबर आणि पाय मोडले होते, आत रक्तस्राव झाला होता. आणि तो पहाटेपर्यंत जिवंत असावा.

४

सोमवारी सुमंतराव पुन्हा गायमाळावर गेले. ऊन तापलं होतं. आडाच्या काठावर त्यांनी आधी उकिडवं बसून पाहिलं. घडीव दगड आत उतरते होते आणि वहाण सरकत होती. त्यांनी वहाणा काढल्या, बाजूला ठेवल्या, पालथे पडले आणि दोरी सोडली. जीव द्यायला म्हणून नव्हे, तोल सांभाळायला म्हणून रविकांतनं वहाणा काढल्या होत्या. जपून वागणाऱ्या माणसाचं ते काम होतं.

गोटा तळाला टेकला. पहिली गाठ, काठापासून सगळ्यात जवळची, हवेत लोंबत होती. तिच्याखालची दुसरीही. पाण्याशी जमली ती शेवटची गाठ, आणि तीसुद्धा थोडी वरच राहिली. रोज संध्याकाळी येऊन रविकांतनं पाणी किती खाली गेलं ते दोरीवर बांधून ठेवलं होतं. झरा असता तर पाणी तिथंच राहिलं असतं. हे पाणी खडकाच्या भेगांतून निघून चाललं होतं.

त्यांनी आसारामला हाक मारली. तो तिसगावकडचा माणूस. दुष्काळानं गाव सोडून बायकोला घेऊन इथं रखवालीला राहिलेला.

"आसाराम, आडात पाणी कुठून येतं?"

आसारामनं मान खाली घातली. "मालकानं सांगितलंय, कुनाला बोलायचं न्हाई."

"माणूस मेलाय."

"तळ्यावरनं आनतो साहेब. बैलगाडीवर टिपाडं घालून. शनवारी जायचं, रातभर भरायचं, दिस उगवायच्या आत वतायचं. ऐतवारी लोकं बघाय येत्यात ना. मास्तरानं वळखलं हुतं. पान्यात बारकी मासळी बघितली त्यांनी. मला म्हनले, खडक फोडून काढलेल्या नव्या आडात मासा कुठला रं? मी काय बोलनार."

"शनिवारी संध्याकाळी तू कुठं होतास?"

"तळ्यावर. गाडीवाले समदे संगं हुते, इचारा. आडाचा दोर बी गाडीवरच बांधून नेला हुता. दिस उगवताना आलो तर ही बोंबलत बसलेली."

लंकाबाई झोपडीच्या तोंडाशी उभी होती. सुमंतरावांनी तिला विचारलं, शनिवारी काही दिसलं का, काही ऐकलं का.

"दिसलं काय बी न्हाई. आमाला मालकानं सांगितलंय, बघाय आलेल्या मानसाच्या म्होरं यायचं न्हाई. दिवा लावत हुते तवा बोलनं ऐकू आलं, भांडल्यावानी. मग गप झालं." ती घुटमळली. "आन मग राम राम म्हनत हुतं कुनी तरी. लांबनं. लई येळ म्हनत हुतं. मला वाटलं, रस्त्यानं गोसावी चाललाय. एकटी हुते, भ्याले. दार लावून घेतलं."

"राम राम?"

"व्हय. राम, राम, असं. वडून वडून."

मागून घोड्याच्या टापा वाजल्या. काकासाहेब आला होता.

तो खाली उतरला, आडाकडे पाहिलं आणि मग सुमंतरावांच्या हातातल्या दोरीकडे.

"मास्तरचीच ना ही?" तो म्हणाला. "मला आसारामनं सांगितलं होतं, रोज येतो म्हणून. मी म्हटलं, येऊ द्या."

"तुम्ही आड भरत होता."

"भरत होतो." त्याला लपवायची काही गरज वाटली नाही. "शहरातला माणूस माळावर आला की आधी आडात वाकतो. वारा बघत नाही, रस्ता बघत नाही. त्याला पाणी दिसावं लागतं, तर मी दाखवत होतो. एकदा घरं उभी राहिली की खोल नेऊन बघू, असं माझ्या मनात होतं. लागलं असतं, नसतं लागलं."

"आणि रविकांत ते सगळ्यांना सांगणार होता."

"म्हणून मी त्याला ढकलला, असं म्हणता?" काकासाहेब कोरडं हसला. "फौजदारसाहेब, विचार करा. दुसऱ्या दिवशी तुमचा विसार. मी माणूस मारला असता तर दुसरीकडं कुठंतरी मारला असता. माझ्याच आडात टाकला असता का? तोही आड रिकामा असताना? आता शहरभर झालंय, गायमाळावर पाणी नाही आणि मढं निघालं. आणि शनिवारी मी नगरात नव्हतोच. तिसगावच्या बाजाराला गेलो होतो बैल बघायला, मुक्कामही तिथंच. हवं तर माणूस पाठवा."

त्यानं घोड्यावर चढून टाच मारली. सुमंतराव उन्हात उभे राहिले. माणूस लबाड होता, पण बोलला त्यात चूक काढता येत नव्हती.

५

परतीच्या वाटेवर ते सावकाश चालले. नोकरीत असताना त्यांनी अशी कोडी पुष्कळ सोडवली होती. उत्तर जवळ आलं की त्यांना हलकं वाटायचं. आज पाय जड होत चालले होते.

रविकांत म्हणाला होता, त्याला प्रत्यक्ष दाखवतो. ज्याला दाखवायचं, त्याला ते माहीत नसणार. काकासाहेबाला माहीत होतं. आसारामला माहीत होतं. त्यांना कोरडा आड दाखवायला कोण नेईल? आणि पटेल म्हणजे, ज्याला पटत नव्हतं असा कोणीतरी. ज्याला तो माळ सुटू द्यायचा नव्हता असा.

लंकाबाईनं ऐकलं ते राम राम नव्हतं. रविकांत कधी नामस्मरण करणाऱ्यातला नव्हता. मोडलेल्या कंबरेनं खडकात पडलेला माणूस, खोल आडातून, एकाच माणसाला हाक मारत होता. आडातून वर येता येता त्या हाकेचं पहिलं अक्षर बदललं होतं.

एवढ्यानं कोणाला दोषी ठरवता येत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. सावेडीची वेस आली. झाडाखाली टेकावं म्हणून ते थांबले, आणि कालचं एक वाक्य त्यांना आठवलं. ते ऐकताना त्यांना त्यात काहीच खटकलं नव्हतं, कारण ते खरंच होतं. त्यांनी स्वतः त्याच्या तासाभर आधी तेच पाहिलं होतं.

पण ज्यानं गेल्या रविवारपासून आडात डोकावलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांसमोर पुरुषभर पाणी असायला हवं होतं.

ते झाडाखाली बसले नाहीत. तसेच माळीवाड्याकडे वळले.

६

शामकांत बायकोचे पंचे धुऊन दोरीवर वाळत घालत होता. पाणी अजून गुलाबी होतं.

"शाम," सुमंतराव म्हणाले, "आडात पाणी गुडघाभर होतं हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना काल."

"मी म्हणालो, आडात सापडला. एवढंच. माझ्या आधी तुझ्याकडे कोणी आलं नव्हतं, आणि तू उंबरा ओलांडला नव्हतास."

शामकांतनं हातातला पंचा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. त्याची कडा सरळ केली. मग तो पायरीवर बसला, आणि सुमंतराव त्याच्याशेजारी बसले.

"विजयाचं औषध घेऊन निघालो होतो, तो रस्त्यात भेटला," शामकांत म्हणाला. "म्हणाला, चल, तुला एक दाखवतो. गेलो. त्यानं दोरी सोडली, गाठी दाखवल्या. सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. मला पहिल्या गाठीलाच समजलं होतं."

"मग?"

"मी म्हणालो, तू गप्प बस. विसार होऊ दे. पाणी मी डोक्यावरनं आणीन, तुझ्याही घरचं भरीन. डॉक्टर म्हणालाय मोकळी हवा मिळाली तर ही काही दिवस काढेल. भिंगारला आपल्याला कोण उभं करतो? केडगाव गेलं. बुरूडगाव नाही. हा एक माळ आहे आणि तोही तिघं असलो तर. तो म्हणाला, शाम, बिनपाण्याच्या जागेत आजारी माणूस नेऊन तू काय करणार? उद्या मी सगळ्यांना सांगणार. आणि पालथा होऊन खिशातली दोरी पुन्हा काढायला लागला, मला पटावं म्हणून."

तो थांबला. आत विजयाला खोकल्याची उबळ आली.

"मी त्याला धरला. ओढून उठवायला धरला की कशाला, ते मला आता सांगता येत नाही, काका. खूप आठवून पाहिलं. पुढं तो खालीच होता."

"तो जिवंत होता."

"हाका मारत होता. शाम, दोर टाक. रागावला नव्हता. पाय घसरून पडल्यासारखाच बोलत होता. मी रहाटाकडे पाहिलं तर दोर नव्हता."

"झोपडीत दिवा होता, शाम."

"दिसत होता." शामकांतचा आवाज बदलला नाही. "तिथं गेलो असतो तर माणसं आली असती. तो वर आला असता आणि सगळं बोलला असता. मी म्हटलं, घरून दोर घेऊन येतो. खरंच म्हटलं. अर्ध्या वाटेपर्यंत धावत आलो. घरी आलो तर ही रक्तात पडलेली. मग मी दोर शोधला नाही. रात्रभर हिच्याजवळ बसलो. सारखं वाटत होतं, आत्ता निघावं. पहाटे पहाटे वाटलं, आता जाऊन उपयोग नसेल."

शामकांतनं सुमंतरावांकडे पाहिलं.

"हिचे फार दिवस राहिले नाहीत. तेवढे मला द्या. मग मी आपणहून चौकीवर जातो. तुम्हाला यावं लागणार नाही."

सुमंतरावांनी नोकरीत कोणाला सवलत दिली नव्हती. आज ते हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"काका," पडद्यामागून विजया म्हणाली, "यांना आजच घेऊन जा."

शामकांत उठून आत गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. सगळं तिनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त थकवा होता.

"मी कधी म्हणाले होते, मला तिथं न्या?" तिनं विचारलं. "तुम्हीच रोज सांगायचात. पूर्वेला दार करू, तुळस लावू. तुमचं समाधान म्हणून मी ऐकायचे."

त्यानं तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय ओढून घेतले, मग परत तिथंच ठेवले.

"मी जाण्याची वाट बघत तुम्ही इथं बसायचं, आणि मी ते बघत पडायचं, हे माझ्यानं होणार नाही. तांब्या भरून उशाशी ठेवा आणि जा."

त्यानं तांब्या भरला, पेला उपडा घालून उशाशी ठेवला, पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग सदरा घालून बाहेर आला. सुमंतराव आणि तो, दोघं चालत चौकीवर गेले. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं तर शामकांत नेहमीसारखा नमस्कार करत होता.

७

सुचित्राला सांगायला सुमंतराव त्याच संध्याकाळी गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. शामकांतचं नाव आलं तेव्हा तिनं एकदाच डोळे मिटले. मग विचारलं, "लगेच गेले ना ते? त्रास झाला नाही ना?"

"लगेच," सुमंतराव म्हणाले. "पडल्याबरोबर."

कोर्टात हे टिकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि टिकलंही नाही. लंकाबाईनं साक्षीत ऐकलं तसं सांगितलं. लई येळ, वडून वडून. डॉक्टरनं पहाटेचं सांगितलं. सुचित्रा मागच्या बाकावर भावाशेजारी बसली होती. तिनं वळून सुमंतरावांकडे पाहिलं. तिच्या नजरेत दोष नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. शामकांतला जन्मठेप झाली. काकासाहेबावर काही आलं नाही. आडात पाणी ओतू नये, असा कायदा नव्हता.

विजया त्याआधीच, आषाढात, त्या बिनखिडकीच्या खोलीत गेली. शेवटी तिच्या उशाशी सुचित्रा होती. ती रोज सकाळी येऊन तिचं करायची. दोघी काय बोलत होत्या, कोणास ठाऊक. बहुतेक काहीच बोलत नसाव्यात. विजयाची खोली मालकानं सारवून लगेच दुसऱ्याला दिली. सुचित्रा भावाबरोबर पुणतांब्याला गेली आणि परत आली नाही.

सुमंतरावांना चाळ सोडावी लागली. ते पुतण्याकडे राहायला गेले. घर बघायचं त्यांनी सोडून दिलं, पण रविवारी पाय राहायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात असेच ते मनमाडच्या रस्त्यानं लांबवर गेले. गायमाळावर माणसं दिसली. चुन्याच्या फक्क्या मारलेल्या, दगडांचे ढीग पडलेले. तीन-चार ठिकाणी पाया खणत होते. त्या आडावर कोणीतरी फरशी टाकून तो बंद केला होता. एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. तिचा नवरा कुदळ मारत होता. गिरणीत कामाला असावा, कपड्यांना पीठ लागलं होतं.

सुमंतरावांना राहवलं नाही. ते तिच्याजवळ गेले.

"बाई, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. इथं पाणी नाही. खडक आहे नुसता. मला पक्कं माहीत आहे."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा माणूस कळवळ्यानं सांगतोय, हे तिला समजलं.

"माहीत हाय बाबा," ती म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत हाय. इथं मागं कोन तरी मेला बी म्हनत्यात. पर दुसरीकडं आमाला कुठं परवडतंय?"

नवऱ्यानं तिला हाक मारली. तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तो कुदळ मारत होता तिकडं निघून गेली.